धुतलेलं शेवाळ

प्रयोगशाळेत त्यांना सगळे चिमटेबाई म्हणत. तोंडावर नव्हे, तोंडावर नुसतं 'बाई'. पण बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. हातात कायम प्लास्टिकचा चिमटा, डोक्यावर केस झाकणारी टोपी, आणि समोरचा माणूस नुकताच गटारातून बाहेर आला असावा असा चेहऱ्यावरचा भाव. तो भाव झोपेतही उतरत नाही, असं त्यांचे यजमान म्हणत, आणि म्हणून झालं की वर्तमानपत्र तोंडासमोर धरत.

बाईंचं काम शेवाळाचं. पाण्यावरचं बुळबुळीत नव्हे. दगडांवर, जुन्या भिंतींवर, झाडांच्या बुंध्याशी मखमलीसारखं दाट वाढतं ते. या शेवाळाला खरी मुळं नसतात. जमिनीतून ते फारसं काही घेत नाही. पोटात जातं ते बहुतेक वरून, हवेतून. त्यामुळे एखाद्या भागात हवेतून शिसं, जस्त, कॅडमियम असलं काही खाली उतरत असेल, तर शेवाळ ते मुकाट्याने साठवून ठेवतं. ते गोळा करायचं, निवडायचं, वाळवायचं, दळायचं, आम्लात विरघळवायचं आणि मग यंत्राला पाजायचं. यंत्र सांगतं, कोणता धातू किती. यंत्राची खोली वेगळी होती आणि तिथे एक तरुण मुलगी बसायची. निवडण्या-वाळवण्याची खोली मात्र बाईंची.

त्या खोलीत शिरायचं म्हणजे परीक्षाच. अंगठी काढा. घड्याळ काढा. हाताला क्रीम लावलंय? मग कोपरापर्यंत धुऊन या. पावडरवाले हातमोजे चालणार नाहीत, पावडरीतून जस्त येतं. सिगारेट ओढून आला असाल तर दाराबाहेरूनच बोला. कुणी चुकून स्टीलचा चिमटा आत आणला, तर बाई तो मेलेला उंदीर उचलावा तसा दोन बोटांत धरून बाहेर नेऊन ठेवत. नियम खोटे नव्हते. एकूण एक बरोबर होते. पण नियम पाळणं वेगळं आणि नियमांवर चढून बसून दुसऱ्यांकडे खाली बघणं वेगळं. बाईंना दोन्ही जमायचं, आणि दुसऱ्यात त्या जास्त रमायच्या.

भिंतीवर त्यांच्याच ठसठशीत अक्षरात पाटी होती: 'शेवाळ धुऊ नये.' खाली दोन रेघा. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला त्या पाटीसमोर उभं करून बाई ऐकवत, "धूळ म्हणजे घाण नाही, धूळ म्हणजे पुरावा. पाणी मारलंत की पुरावा गेला मोरीत." वाळकी पानं, काटक्या, किडे हे सगळं चिमट्याने वेचून काढायचं, वरचा हिरवा भाग तेवढा तोडून घ्यायचा, आणि पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही. हे ऐकवताना बाईंचा आवाज असा लागायचा, की ऐकणाऱ्याला आपण जन्मभर शेवाळच धूत आलो आहोत असं वाटावं.

नमुने गोळा करून आणणाऱ्या माणसाला बाई पिशवीवाला म्हणत. तो बिचारा गावभर हिंडून कागदी पिशव्या भरून आणायचा आणि दारातच उभा राहून बोलणी खायचा.

"शेवाळ आणलंयस की जंगल? ही बघ गोगलगाय. जिवंत आहे. हिला काय बसायला खुर्ची देऊ?"

"बाई, ती आपणहून आली असेल."

"आपणहून! तुझ्यापेक्षा कामाची दिसतेय."

पिशवीवाला हसून सोडून द्यायचा. त्याच्या अंगाला हे पाणी लागत नसे, आणि बाईंना त्याचाच जास्त राग.

घरीही तीच तऱ्हा. यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. धुळीचा कण काय असतो हे त्यांना बाईंनी शिकवायची गरज नव्हती, तरी बाई शिकवत. सोफ्यावर कुणी बसून गेलं की बाई उशा झटकत, आणि तेही पाहुणा जिना उतरत असताना, आवाज ऐकू जाईल अशा बेताने. लोकांचं येणं-जाणं त्यामुळे आपोआपच कमी झालं होतं. बाई त्याला शांतता म्हणत.

पण बाईंच्या तुच्छतेचा मोठा वाटा धाकट्या बहिणीसाठी राखून ठेवलेला होता.

धाकटी शिवणकाम करायची. गावाच्या टोकाला, जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवणाऱ्या कारखान्याच्या मागच्या गल्लीत तिचं घर. नवरा वारला होता. मुलगा आणि सून कामाला जायचे आणि चार वर्षांची नात आजीच्या मशीनपाशी चिंध्यांत खेळायची. लहानपणीही धाकटी पसाऱ्यातच सुखी असे. पुस्तकांना कव्हरं नाहीत, वेणीची रिबीन एकच, आणि शिवाय सगळ्यांची लाडकी. बाईंच्या कपाटात मात्र घड्या पट्टीने मोजून घातल्यासारख्या, आणि लाड करायला कुणी नाही. हा हिशेब बाईंनी कधी मिटवला नाही.

बहिणीकडे गेल्या की बाई दारातून सरळ खिडकीपाशी जात, खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवत आणि ते बोट बहिणीच्या डोळ्यांसमोर धरत. बोट काळं.

"ताई, सकाळीच पुसलंय गं."

"दिसतंय."

"धुराड्यातून येतं. आम्ही काय करायचं? कपडे बाहेर वाळत घालता येत नाहीत. गिऱ्हाइकाचा पांढरा कपडा मशीनवर ठेवून जरा चहा प्यायला उठले, तर वर ठिपके."

"धुराडं काय तुझ्या एकटीच्या डोक्यावर आहे? ज्यांना स्वच्छ राहायचं असतं ते राहतात."

आता, हवेतून खाली काय उतरतं हे शोधण्याचाच जिला पगार मिळतो, त्या बाईने धुराड्याच्या सावलीत उभं राहून हे बोलावं! पण बाईंना स्वतःचं ज्ञान आणि बहिणीची खिडकी यांची गाठ कधी घालून द्यावीशी वाटली नाही. धुराडं खरं मानलं, तर धाकटी गलिच्छ नाही असं मानावं लागलं असतं. तेवढं मोठं नुकसान सोसायची बाईंची तयारी नव्हती.

मग त्या गल्लीने तक्रार केली. धुराड्याला गाळणी बसवा, अशी मागणी. पुढाकार घेणारी होती धाकटीच. दारोदार फिरून तिने सह्या गोळा केल्या होत्या. नात सारखी पोट दुखतं म्हणायची, खायला कुरकुर करायची, आणि डॉक्टरांनी हळूच विचारलं होतं, 'घर कारखान्याजवळ आहे का?' धाकटीला तेवढं पुरे झालं. तिने नातीला अंगणात सोडणं बंद केलं, खिडक्या लावून घेतल्या आणि सह्यांच्या मागे लागली. नगरपालिकेने ठरवलं, की गल्लीतल्या शेवाळाची तपासणी करायची; शिसं ठरलेल्या मर्यादेच्या वर निघालं तर कारखान्याला गाळणी बसवावी लागेल, नाही निघालं तर तक्रार निकालात.

धाकटीने ताईला हे उत्साहाने सांगितलं. "तुमच्याकडेच येणार म्हणे आमचं शेवाळ."

"येऊ दे," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे सगळ्यांचंच येतं." तक्रार करणारी आपली बहीण आहे हे त्यांनी प्रयोगशाळेत कुणाला सांगितलं नाही. विचारलंच कुणी नव्हतं, ही त्यांची सबब.

पिशवीवाला ती पिशवी घेऊन आला, तेव्हा यंत्राच्या खोलीतली मुलगी बाईंच्या दाराशी गप्पा मारत उभी होती. पिशवीवाल्याने पिशवी पुढे केली आणि नाक मुरडलं. गोगलगाईपर्यंत सगळ्यांवर माया करणारा माणूस, पण त्या दिवशी त्यालाही राहवलं नाही.

"बाई, ही धुराड्यामागच्या गल्लीची. हात लावावा तिथे काळं. त्यातून ती एक शिवणवाली आहे, तिच्या मागच्या भिंतीवरचं तर विचारूच नका. शेवाळ आहे का काजळ तेच कळेना. कशी राहतात माणसं!"

मुलगी खुदकन हसली. "आंघोळ तरी करतात का?"

त्या हसण्यात वाईट हेतू नव्हता. असल्या विनोदांवर त्या खोलीत रोजच हसत, आणि सगळ्यात मोठे विनोद बाईंचेच असत. पण बाईंचे कान तापले. "झालं असेल तर कामाला लागा," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

पिशवी पांढऱ्या ताटात उपडी केली. पिशवीवाला खोटं बोलला नव्हता. शेवाळाचा हिरवा रंग कुठेतरी खोल आत होता. वरून सगळं राखाडी-काळं, बोटांत धरलं की भुगा पडावा असं. बाईंनी चिमट्याने एक झुपका उलटा केला, तर त्यात दोऱ्याचा तुकडा अडकलेला. जांभळा. गेल्याच आठवड्यात धाकटीच्या मशीनवर त्या रंगाचा झगा अर्धा शिवलेला त्यांनी पाहिला होता, आणि 'हा काय रंग' म्हणून नाव ठेवलं होतं.

तो दोरा बघून बाईंना जे झालं त्याला लाजच म्हणावं लागेल. बहिणीची काळजी नव्हे, कारखान्याचा राग नव्हे, निव्वळ लाज. दाराबाहेर दोन माणसं हसली होती आणि ज्याला हसली होती ते आपल्या रक्ताचं होतं. उद्या कळलंच कुणाला, तर? चिमटेबाईंची बहीण! अख्ख्या इमारतीला महिनाभर पुरेल एवढी करमणूक.

बाईंनी शुद्ध केलेल्या पाण्याची बाटली घेतली. प्लास्टिकचं घमेलं घेतलं. पाटीकडे पाठ करून उभ्या राहिल्या, यात योगायोग काही नव्हता. पहिलं पाणी काळं मिट्ट निघालं. दुसरं करडं. तिसऱ्यात झुपके सुटे होऊन तरंगायला लागले आणि खालून असा कोवळा, टवटवीत हिरवा रंग वर आला, की बाईंना बरं वाटलं. खरोखर बरं वाटलं. त्या धूत राहिल्या, पाणी निवळशंख निघेपर्यंत. ताटात राहिलेला चिमूटभर भुगाही त्यांनी टाकला नाही; तोही धुतला. मनाशी म्हणाल्या, भिंतीची माती असणार ती, मातीचा हवेशी काय संबंध. हेच दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, तर बाईंनी त्याला उभा सोलला असता.

मग बाकीचं सगळं त्यांनी नियमाने केलं. नियम मोडून झाल्यावर नियम पाळण्यात बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. मंद आचेच्या भट्टीत वाळवलं, दळलं, तोललं, आम्लात घातलं. यंत्र बरोबर चालतंय ना हे बघायला दरवेळी एक तयार शेवाळ सोबत पाठवतात, ज्यातले धातू आधीच माहीत असतात. त्याचे आकडे तंतोतंत आले. त्यामुळे गल्लीच्या आकड्यावर शंका घ्यायला जागाच उरली नाही.

शिसं थोडं जास्त, पण मर्यादेच्या आत. चिंतेचं कारण नाही.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. माणूस मुळात वाईट नव्हता, फक्त फोन वाजला की घाबरायचा, आणि त्या प्रकरणात फोन फार वाजत होते. त्यांनी बाईंच्या खोलीच्या दारात येऊन, अंगठी न काढता, बाहेरूनच सांगितलं, "बाई, तुमच्या हातचं काम म्हणजे बघायला नको." बाईंनी मान तुकवली. कौतुक कुणाला नको असतं? आणि त्या वेळी तरी बाईंना कुठे टोचलं वगैरे नाही. शेवाळ स्वच्छ निघालं, गल्लीची अब्रू राहिली, बहिणीचं नाव कुठे आलं नाही. सगळ्यांचंच भलं झालं, असं त्यांना वाटलं. स्वतःला फसवायला अक्कल लागते, आणि बाई अक्कलवान होत्या.

सुटीच्या दिवशी त्या धाकटीकडे गेल्या. जिन्यातच साबणाचा वास आला. आत पाहतात तर मशीन भिंतीला लावून झाकून ठेवलेलं, खुर्च्या टेबलावर उलट्या, आणि धाकटी गुडघ्यांवर बसून फरशी घासतेय. हातांची सालं निघालेली. खिडक्या सताड उघड्या. नात खाली अंगणात मातीत बसून बाहुलीला माती भरवत होती, आणि अधूनमधून स्वतःही बोटं चोखत होती.

"मशीन का झाकलंय?"

"कामं गेली ना सगळी. ठिपके पडतात ते धुराड्यामुळे, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचे. आता अहवालच आला, की हवा चांगली आहे. म्हणतात, मग ठिपके काय आकाशातून पडतात?" ती हसली, पण घासणं थांबवलं नाही. "सह्या दिल्या होत्या ते शेजारीही बोलत नाहीत. माझ्या नादी लागून हसं झालं म्हणतात."

"अगं, पण..."

"नाही ताई, तुझंच बरोबर होतं. इतकी वर्षं सांगत होतीस. मला वाटायचं, तू उगाच टोचून बोलतेस. पण यंत्र काय खोटं बोलणार? घाण माझीच. पोरीचं पोटही माझ्याचमुळे दुखत असेल. उगाच कोंडून ठेवलं होतं तिला, आता दिवसभर मोकळ्या हवेत सोडते." तिने फडकं पिळलं. "आता तूच दाखव मला. कुठून सुरुवात करू? तुझ्या घरात कसं गं काही साठत नाही?"

हेच ऐकायला बाई जन्मभर थांबल्या होत्या. धाकटीने मान खाली घालावी आणि 'ताई, तुझंच बरोबर' असं म्हणावं. म्हटलं तिने. तेही गुडघ्यांवर बसून. आणि बाई खिडकीपाशी गेल्या, पण या वेळी कट्ट्यावरून बोट फिरवलं नाही. खाली अंगणात पोरीने पुन्हा बोटं तोंडात घातली.

"तिला वर बोलाव," बाई म्हणाल्या.

"का? हवा चांगली आहे ना."

बाई दाराकडे वळल्या. त्या स्वतः खाली गेल्या, पोरीला उचलून आणलं, तिचे हात साबणाने धुतले आणि काहीतरी काम आठवल्याची बतावणी करून निघून आल्या. पळून आल्या, असं म्हटलं तर जास्त खरं होईल.

यजमानांना सांगितलं. यजमानांनी डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं, जे ते सहसा काढत नसत.

"मग सांगून टाक साहेबांना."

"माझं नाव जाईल."

"कुठलं? चिमटेबाई?"

बाई रागाने लाल झाल्या, उठून आत गेल्या आणि स्वच्छ असलेलं कपाट आवरत बसल्या. दुसऱ्या दिवशी मात्र साहेबांच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, गल्लीचं शेवाळ मी धुतलं होतं."

साहेबांनी आधी दार लावलं. मग पाणी प्यायले. मग म्हणाले, "धुतलं म्हणजे काय, जरा झटकलं असेल."

"नाही. धुतलं. पाणी निवळेपर्यंत."

"बाई, तुम्ही दमला आहात. तुमच्याकडून असं होणं शक्यच नाही, कुणीही सांगेल. परवा सभा आहे. अहवाल मान्य झाला की विषय संपला. आता उगाच उकरून काढलं तर सगळी प्रयोगशाळा तोंडघशी पडेल. तुम्ही रजा घ्या चार दिवस." आणि त्यांनी समोरचे कागद इतके मन लावून चाळायला घेतले, की बाई खोलीत आहेत हे त्यांच्या लक्षातच नसावं. बाईंनी आयुष्यभर कमावलेला लौकिक असा त्यांच्याच तोंडावर दाबून धरला गेला. 'तुमच्याकडून शक्यच नाही.' दुसऱ्या कुणाच्या बाबतीत साहेबांनी लगेच विश्वास ठेवला असता.

सभा नगरपालिकेच्या दिवाणखान्यासारख्या लांबट सभागृहात होती. पुढच्या रांगेत कारखान्याचा माणूस, पाय पसरून. बाजूला साहेब. मागे गल्लीतली थोडी माणसं, आणि सगळ्यात शेवटी, भिंतीला टेकून, धाकटी. तिने धुवट, कडक इस्त्रीचा पोशाख घातला होता आणि सालपटलेले हात मांडीवरच्या पिशवीखाली दडवले होते. शेजारची खुर्ची सोडून लोक बसले होते. बाई रजेवर होत्या. त्या दारातून आल्या आणि मधल्या वाटेत उभ्या राहिल्या.

साहेबांनी अहवाल वाचला. अध्यक्षांनी विचारलं, "कुणाची हरकत?" असल्या आवाजात विचारतात तेव्हा उत्तराची अपेक्षा नसते.

"माझी आहे," बाई म्हणाल्या.

"आपण कोण?"

"ते शेवाळ निवडणारी. आकडा खोटा आहे. मी शेवाळ धुतलं होतं. त्यातलं बरंचसं शिसं पाण्याबरोबर गेलं."

साहेब उठले. "बाईंची प्रकृती जरा..."

"प्रकृती ठणठणीत आहे."

कारखान्याच्या माणसाने पाय आत घेतले. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ते धुवायचं नसतं?"

"नाही."

"आपल्याला ते माहीत नव्हतं?"

"मीच ते सगळ्यांना शिकवते."

मागे कुणीतरी हसलं. बाईंना ते हसणं ओळखीचं वाटलं. त्या स्वतः तसंच हसत.

"मग का धुतलंत? कुणी सांगितलं होतं? दबाव होता कुणाचा?"

अध्यक्षांनी पळवाट अशी आयती समोर ठेवली होती. 'चुकून झालं' म्हटलं असतं तरी भागलं असतं. सभागृहाने हळहळून मान हलवली असती. बाईंच्या ओठांवर ते आलंही. पण चुकून, हा शब्द बाईंनी कुणालाच कधी वापरू दिला नव्हता, आणि ऐन वेळी तो त्यांनाही वापरता येईना.

"कुणाचा दबाव नव्हता," त्या म्हणाल्या. "ते माझ्या बहिणीच्या भिंतीवरचं होतं. आमच्याकडे लोक त्याला हसले. मला तिची लाज वाटली, म्हणून धुतलं."

सगळ्या माना मागे वळल्या. गल्लीतल्यांना कळायला वेळ लागला नाही, कोणाची बहीण ते. धाकटी भिंतीला टेकून तशीच बसली होती. फक्त तिने मांडीवरची पिशवी जवळ ओढली.

अध्यक्षांनी अहवाल बाजूला ठेवला. नवीन शेवाळ आणायचं, ते दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवायचं, तोवर तक्रार कायम. गल्लीतल्या एकाने टाळी वाजवली आणि ती एकटीच पडली म्हणून थांबवली. साहेब बाईंच्या अंगावरून पुढे गेले, ओळख नसल्यासारखे. दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीची किल्ली आपल्याकडे राहणार नाही, हे बाईंना कुणी सांगावं लागलं नाही.

धाकटी बाहेर पडून बसच्या थांब्यावर उभी होती. बाई धापा टाकत तिथे पोचल्या. त्यांना वाटलं होतं, ती रडेल, किंवा भांडेल, निदान हात धरेल. त्यातल्या प्रत्येकाची त्यांनी वाटेत तयारी केली होती.

"पोरीला अंगणात सोडू नकोस," बाई म्हणाल्या. "आणि ते घासणं बंद कर. हातांचं बघ काय झालंय. ऐकतेस ना? घाण तुझी नव्हती."

"ऐकलं सभेत."

"मग बोल की काहीतरी. शिव्या दे हवं तर."

धाकटी रस्त्याकडे बघत होती. बस वळणावर दिसली, तेव्हा तिने पिशवीतून सुटे पैसे काढून मुठीत धरले.

"तुला माझी लाज वाटते, हे मला लहानपणापासून माहीत होतं, ताई," ती म्हणाली. "आता सगळ्या गल्लीला माहीत झालं."

बस आली. धाकटी चढली आणि खिडकीपाशी बसली. शेजारची जागा रिकामी होती. बाई पायरीवर एक पाय ठेवून उभ्या होत्या, तेवढ्यात धाकटीने त्या जागेवर आपली पिशवी ठेवली.